पाहणीवाल्या मॅडमची अंघोळ

बँकेच्या मशीनमध्ये माझ्या भावाचं नावच निघेना. साहेबांनी दोनदा स्पेलिंग बदलून पाहिलं, एकदा चष्मा पुसून पाहिला, आणि शेवटी खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "तुम्ही कधी कर्जच काढलेलं नाही?"

दादाला वाटलं, आता शाबासकी मिळणार. तो ताठ बसला. "आयुष्यात नाही, साहेब. उधारीचं मीठसुद्धा नाही."

"मग तुमची पत आम्हाला कळायची कशी? नोंदच नाही. तुम्ही जामीन राहू शकत नाही."

दादा तसाच ताठ बसून राहिला. ऐकलेलं आत उतरायला त्याला जरा वेळ लागतो.

साहेब आता माझ्या भाचीकडे वळले. "आणि तुझी नोंद आहे, पण ती नसती तर बरं झालं असतं. शेडचं कर्ज तुझ्या नावावर होतं. चार हप्ते थकले."

"फेडले ना सगळे, साहेब. व्याजासकट."

"फेडले. पण थकले होते. स्कोअर पार खाली गेलाय. दुसरा कुणी जामीन आणा, मग बघू."

मी पुढे सरकले. मी म्हणजे आत्या. माझ्या नावावर या जगात एक शिवणयंत्र आणि एक जीभ एवढीच मालमत्ता आहे. साहेबांनी माझं उत्पन्न विचारलं, मी सांगितलं, त्यांनी ते लिहूनसुद्धा घेतलं नाही.

बाहेर बसथांब्यावर भाची बाकावर टेकली आणि हसायलाच लागली. "आत्या, बाबांना बँक ओळखतच नाही, आणि मला जरा जास्तच ओळखते!" मीही हसले. दादा मात्र हसला नाही. इस्त्रीचा सदरा चुरगळू नये म्हणून तो उभाच होता, आणि बस येईपर्यंत रस्त्याकडे बघत राहिला.

आमचं घर रेशमाच्या अळ्यांवर चालतं. दीड एकर तुती, मागे पत्र्याची लांब शेड, आणि शेडमध्ये मांडणीवर मांडणी. अळ्या लहान असतात तेव्हा घर आमचं असतं. त्या मोठ्या झाल्या की घर त्यांचं, आणि आपण त्यांचे गडी. शेवटच्या आठवड्यात तर दिवसातून चार वेळा पाला कापायचा, खांद्यावरून वाहायचा, पसरायचा, की पुन्हा विळा घ्यायचा. दादाच्या खांद्याला तिथे घट्टा पडलाय. वहिनींच्या बोटांचा हिरवा रंग बारा महिने जात नाही.

भाचीला या कामातलं एकच कळून घ्यायचं होतं. अळी मरायच्या आधी ती आजारी आहे हे ओळखायचं कसं? शाळेत असल्यापासून गळ्यात दोरीला भिंग बांधून फिरायची, म्हणून सगळे तिला भिंगवालीच म्हणतात. शहरात रेशीम तपासणीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, मोठ्या सूक्ष्मदर्शकांचा. तिथे तिचा नंबर लागला होता, तोही पहिल्या यादीत. फी महिनाअखेरीच्या आत भरायची, नाहीतर जागा दुसऱ्याला. फीचे पैसे आमच्या घरात नव्हते, आणि दाणे विकून, दागिने विकून उभे राहतील असे दाणे आणि दागिनेही नव्हते.

आता ते चार हप्ते कसे थकले तेही सांगते, म्हणजे पोरीवर उगाच बोल नको. नवी शेड बांधायला दादा काही कर्ज काढेना. त्याचं ते व्रतच. म्हणून अठरा पूर्ण होताच भाचीने स्वतःच्या नावावर काढलं. मागच्या वर्षी कर्जवाल्यांचा एक साहेब शेड बघायला आला. डास चावतात म्हणून हातापायांना औषध फवारून आलेला. अळ्यांना ते औषध म्हणजे विष. ते आम्हाला चौघांनाही ठाऊक होतं, आणि वास दारातच आला होता. पण एवढा मोठा माणूस, बूट काढून आत येतोय, त्याला नको कसं म्हणायचं? दादा म्हणाला, "या या, साहेब, या ना." साहेब अर्धा तास मांडण्यांवर वाकून वाकून बघत होते. संध्याकाळपर्यंत अळ्या वळवळून हिरवं ओकायला लागल्या, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही सगळी बॅच पाट्या भरभरून खड्ड्यात पुरली. साहेब शेड छान आहे असं लिहून गेले होते. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही उगाच नाही.

तर जामीन शोधायची मोहीम सुरू झाली. पाल्याच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये दादा सायकल काढायचा. गिरणीवाल्याकडे गेला, तासभर बसला, हवेबद्दल बोलला, पट्ट्याला तेल घालून दिलं आणि परत आला.

"विचारलंस का?" मी म्हटलं.

"विषयच निघाला नाही."

"विषय काय आपोआप निघतो? ताकाला जाऊन भांडं लपवलंस की!"

मग वहिनींच्या भावाकडे गेला. तिथे मात्र विषय काढला. वहिनींचा भाऊ म्हणाला, "दाजी, सही सोडून काहीही मागा." दादा म्हणाला, "मग पाणी दे ग्लासभर." ते पिऊन तो अकरा मैल सायकल मारत आला, आणि आल्या आल्या विळा घेऊन शेतात शिरला. वहिनी त्या दिवशी भावाचं नाव निघालं की भांडी आपटत होत्या.

मार्ग सापडला तो कोषबाजाराच्या भिंतीवर. भाची तिथे अळ्यांवर टाकायची चुन्याची पावडर आणायला गेली होती. एका पतपेढीचा कागद चिकटवलेला होता. 'शिक्षणासाठी कर्ज. जामीन नसला तरी या.' खाली मुंगीएवढ्या अक्षरांत बरंच काही होतं. इतर लोक ते सोडून देतात, आमची पोरगी भिंग लावून वाचते. व्याज बँकेपेक्षा थोडं जास्त. हप्ते शिक्षण संपल्यावर सहा महिन्यांनी सुरू. स्कोअर बघतील, पण त्यावर अडणार नाहीत. अभ्यासक्रम कसला, त्यातून कमाई किती होईल, गुण किती, आणि शेवटी घरी येऊन पाहणी. पाहणी करणाऱ्याचा अहवाल चांगला आला तर कर्ज, नाहीतर नमस्कार.

तिने अर्ज भरला. थकलेल्या हप्त्यांच्या रकान्यात दादा म्हणाला, "हे नको लिहू." ती म्हणाली, "त्यांना दिसणारच आहे, बाबा. मग आपणच सांगितलेलं बरं." चार हप्ते, कोणते महिने, कधी फेडले, सगळं लिहून मोकळी झाली.

फोन आला. गुरुवारी सकाळी पाहणी. फी भरायला त्यानंतर नऊ दिवस राहत होते.

बुधवारी दादाने आम्हा तिघींना अंगणात उभं केलं. "उद्या कुणी उलट बोलायचं नाही. मॅडम म्हणतील त्याला हो म्हणायचं. विशेष करून तू," असं म्हणून त्याने माझ्याकडे बोट केलं.

"मी कशाला बोलते?" मी म्हटलं. यावर वहिनींनी तोंडाला पदर लावला.

आणि गुरुवारीच अळ्या पिकल्या.

पिकल्या म्हणजे काय, तर महिनाभर खा खा खाणारी अळी एकदम खाणं सोडते. अंग पिवळसर, काचेसारखं होतं, आणि ती मान वर करून धागा सोडायला जागा शोधते. अशी एकेक अळी वेचून चंद्रिकेवर, म्हणजे बांबूच्या गोल जाळीवर, ठेवावी लागते. उशीर झाला की ती पाल्याच्या घाणीतच कोष करते आणि त्या डागी कोषाला कुणी विचारत नाही. हजारो अळ्या, आणि हात आठ. पहाट फुटायच्या आत आम्ही वेचायला लागलो होतो. पाठी मोडल्या होत्या, पण काय सांगू, इतकी भरलेली बॅच त्या शेडने कधी पाहिली नव्हती. प्रत्येक अळी करंगळीएवढी. भाची गुणगुणत वेचत होती.

नऊच्या सुमाराला स्कूटर आली. मॅडम पंचेचाळिशीच्या, काटकुळ्या, खांद्याला मोठी पिशवी. हेल्मेट काढता काढताच म्हणाल्या, "काय डास हो तुमच्या ओढ्याकडे! नाक्यावर थांबून सगळ्या अंगाला फवारून घेतलं तेव्हा कुठे येता आलं."

दहा पावलांवरून वास आला. तोच वास. वहिनींच्या हातातलं सूप खाली आलं.

"चला, आधी शेड बघू," मॅडम म्हणाल्या आणि निघाल्यासुद्धा.

भाची धावत दारात गेली. दोन्ही हात चौकटीच्या दोन्ही बाजूंना लावून उभी राहिली. "मॅडम, थांबा. आत नाही येता येणार."

"काय?"

"तुमच्या अंगावर डासांचं औषध आहे. अळ्या मरतील."

"मी हात नाही लावत कशाला. दारातून चार फोटो काढते."

"दारातूनसुद्धा नको, मॅडम."

मॅडमनी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. आवाज चढवला नाही, पण थंड झाला. "पाहणी झाल्याशिवाय मला अहवाल देता येत नाही, याची कल्पना आहे ना तुला? आणि माझी इकडची पुढची फेरी पंधरा दिवसांनी."

पोरीने हात चौकटीवरून काढले नाहीत. तिचं सगळं त्या बाईच्या पिशवीत होतं, शहर, सूक्ष्मदर्शक, दोन वर्षं, सगळं. खरं सांगते, मला वाटलं, होऊ दे बाजूला, जाऊ दे ही बॅच.

"कल्पना आहे," ती म्हणाली. "अंघोळ केली तर येता येईल."

"कुणी अंघोळ केली तर?"

"तुम्ही."

दादाची पाचावर धारण बसली. तो हात जोडत मध्ये आला. "मॅडम, पोर आहे, मनावर घेऊ नका तिचं. या या, तुम्ही या ना—"

"बाबा," भाची म्हणाली, "मागच्या वर्षीपण आपण या या म्हणालो होतो."

दादा थांबला. त्याने शेडकडे पाहिलं. आत हजारो तोंडं माना वर करून जागा शोधत होती. मग तो मॅडमकडे वळला. हात अजून जोडलेलेच होते, पण बोलला ते निराळंच. "मॅडम, पाणी तापवतो. कडक लागेल की कोमट?"

साठ वर्षांत माझा भाऊ मला इतका आवडला नव्हता.

मॅडमनी एकदा दादाकडे पाहिलं, एकदा दाराकडे, एकदा स्कूटरकडे. मला वाटलं, गेल्याच. "कोमट," त्या म्हणाल्या.

मग नुसती धावपळ. दादाने बंब पेटवला. वहिनींनी पाहुण्यांसाठी ठेवलेला गुलाबी साबण पेटीतून काढला, त्याचा कागद सोडला, एवढ्यात शेडमधून आवाज आला, "आई, वासाचा साबण नको! कपड्यांचा दे!"

"मॅडमना कपड्यांचा साबण?" वहिनी रडकुंडीला आल्या. "वन्सं, तुम्हीच द्या बाई, माझे हात नाही पुढे होत."

मी दिला. मोरीत पाणी ओतल्याचा आवाज आला, मग आतून मॅडम म्हणाल्या, "अहो, हा कपडे धुवायचा साबण आहे!"

"हो मॅडम. केसांनाही तोच लावा."

"केसांनाही?"

"फवारा केसांवरपण बसतो," मी म्हटलं. "दोनदा लावा. आम्ही इथेच आहोत."

मग खसाखसा घासल्याचा आवाज यायला लागला. वहिनी आणि मी एकमेकींकडे बघत नव्हतो, कारण बघितलं असतं तर हसू फुटलं असतं आणि कर्ज तिथेच बुडालं असतं.

त्यांचे कपडे दादाने काठीवर उचलून पार विहिरीपलीकडच्या दोरीवर टाकले. त्यांना माझा गाऊन दिला, जांभळ्या फुलांचा. माझ्या गाऊनमध्ये अशा दोन मॅडम मावतात. खांद्यावरून घसरतोय, खाली लोळतोय, केसांतून पाणी गळतंय, अशा त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "चला. आता तरी?"

भाचीने जवळ जाऊन त्यांच्या हाताचा वास घेतला. खरोखर घेतला! मग चुन्यात पाय बुडवायला लावले, आणि बाजूला झाली. "या, मॅडम."

आत गेल्यावर मॅडमनी कान टवकारले. ज्या अळ्या अजून खात होत्या त्यांचा आवाज येत होता, जाड कागद कुणी हळूहळू चुरगाळावा तसा. "हा आवाज यांचा?" त्यांनी विचारलं. भाचीने एक पिकलेली अळी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्या आधी आखडल्या, मग डोळे बारीक करून बघायला लागल्या. अळीने मान डोलावली आणि त्यांच्या बोटाला धागा चिकटवला.

"अगं, ही माझ्यावरच घर बांधतेय!"

"बघा, पसंत पडलात," मी म्हटलं. दादाने माझ्याकडे डोळे वटारले, पण मॅडम हसल्या.

वेळ कुणालाच नव्हता. भाची वेचत वेचत उत्तरं देत होती आणि मॅडम उभ्या राहून विचारत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "या पिवळ्या झालेल्याच घ्यायच्या ना?" आणि गाऊनच्या बाह्या वर करून त्याही वेचायला लागल्या. पहिल्या दहा-बारा त्यांनी दोन बोटांत निखारा धरावा तशा धरल्या. नंतर हात बसला. एकदा तर वहिनींना म्हणाल्या, "अहो, ही राहिली तुमची."

"ते हप्ते कसे थकले?" त्यांनी मध्येच विचारलं.

भाचीने सांगितलं. साहेब, फवारा, या या, खड्डा. दुसऱ्याच्या माथी काही मारलं नाही. "त्यांना माहीत नव्हतं, मॅडम. आम्हाला माहीत होतं. आम्ही बोललो नाही."

"आणि आज बोललीस. कर्ज जाईल अशी भीती नाही वाटली?"

"वाटली की. अजून वाटतेय." तिने चंद्रिकेवर चार अळ्या ठेवल्या. "पण मॅडम, अळ्या मेल्या असत्या तर तुमचं कर्ज मी फेडलं कशानं असतं?"

चंद्रिका भरत आली होती, ती मॅडमनी दोन्ही हातांनी उचलून दादाला दिली.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा शेवटची मांडणी रिकामी झाली. मॅडम अंगणात खुर्चीवर बसून, त्याच गाऊनमध्ये, मांडीवर फळी घेऊन लिहायला लागल्या. दादा जरा लांब उभा राहून त्यांच्या पेनाकडे बघत होता. "मला फक्त लिहायचं असतं हो," त्या मान वर न करता म्हणाल्या. "ठरवणारे वर बसलेत." कपडे बदलून, वहिनींच्या हातचा चहा दोनदा पिऊन त्या गेल्या. ओढ्याकडे वळताना हाताने डास हाकलताना दिसल्या. पुन्हा काही फवारलं नव्हतं त्यांनी.

मग चार दिवस नुसते बसायचे दिवस. अळ्या कोषात गेल्या की माणसाला काम नसतं, आणि काम नसलं की दादाला काय करावं कळत नाही. त्याने विळ्यांना धार लावली, नंतर पुन्हा लावली.

पाचव्या दिवशी कोष काढत होतो. शुभ्र, कडक, वाजणारे कोष. भाचीचा फोन वाजला. तिच्या बोटांना रेशमाचे तंतू चिकटलेले, म्हणून मी फोन तिच्या कानाला लावला. ती चार वेळा "हो" म्हणाली आणि मटकन खाली बसली.

"काय झालं? अगं बोल!" वहिनी ओरडल्या.

"मंजूर."

वहिनींनी तिला धरलं, मी दोघींना धरलं, आणि तिघी मिळून कोषांच्या पाटीत पडलो. दादा विळा घेऊन निघून गेला. अर्ध्या तासाने खांद्यावर पाल्याचा भला मोठा भारा घेऊन परत आला आणि शेडच्या दारात उभा राहिला. खायला शेडमध्ये एकही अळी नव्हती. त्याच्या ते लक्षात आलं तेव्हा तोच इतका हसला, इतका हसला की भारा तिथेच सुटला.

सह्या करायला पतपेढीत भाची, दादा आणि मी गेलो. दादाने इस्त्रीचा सदरा घातला होता आणि खिशात नवं पेन होतं. कारकून पानं उलटत होता, पोरगी सही करत होती. दादा पेनाचं टोपण काढून तिच्यामागे तयारीत उभा. पानं संपली.

"माझी कुठे?" दादाने विचारलं.

"तुमची नाही लागत, काका."

"साक्षीदार म्हणून?"

"नाही."

दादाचा चेहरा पुन्हा त्या बँकेतल्यासारखा व्हायला लागला. कारकुनाला ते दिसलं असावं. त्याने फाईल उलटी फिरवून एका ओळीवर बोट ठेवलं. भाचीला ती मोठ्याने वाचवेना, म्हणून मी वाचली. "'कर्ज जाण्याची शक्यता दिसत असताना अर्जदाराने मला दारात अडवले, आणि वडील तिच्या बाजूने उभे राहिले. या घराला जामिनाची आवश्यकता नाही.'"

"पुन्हा वाच," दादा म्हणाला. मी पुन्हा वाचली. त्याने पेनाला टोपण लावलं.

परतीच्या बसमध्ये कंडक्टर आला. दादाने तीन तिकिटं घेतली, सुटे मोजून दिले, आणि म्हणाला, "पोरीला शिक्षणाचं कर्ज मिळालं. माझी सही लागली नाही."

"बरं झालं, काका," कंडक्टर म्हणाला.

मग पुढच्या बाकावरच्या बाईला सांगितलं. शेजारच्या म्हाताऱ्याला सांगितलं, त्याला कमी ऐकू येत होतं म्हणून ओरडून सांगितलं. "सही! माझी! लागलीच नाही!" सगळी बस वळून बघत होती. पोरगी लाजून खिडकीत तोंड घालून बसली होती आणि तिचे खांदे हसण्याने हलत होते. एरवी मी दादाला कोपराने ढोसून गप्प केलं असतं. त्या दिवशी नाही केलं. उलट मागच्या बाकावर कुणीतरी झोपलं होतं, त्याला मीच हलवून जागं केलं.